इंग्रजीत चिन्हांचं वर्णन करताना ‘अ’, ‘ॲन’ की ‘द’? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझ्याकडे तपासायला येणाऱ्या इंग्रजीला काही धरबंध नाही. इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट रिपोर्ट येतात, हळद-बेदाण्याच्या पाकिटांवरचा मजकूर येतो, स्पर्धा परीक्षेच्या पोरांची सराव-उत्तरं येतात, सोसायटीच्या नोटिसा येतात. बाकी चुका ज्याच्या-त्याच्या वेगळ्या, पण एक चूक सगळ्यांची सारखी: एखादं चिन्ह, अक्षर, आकडा किंवा लोगो याबद्दल लिहायची वेळ आली की आर्टिकल हमखास घसरतं. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात म्हणून उत्तरं एकदा लिहून टाकली आहेत.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत का लिहिली आहेत?

मुद्दाम. ‘अ’ की ‘ॲन’ हा कानाचा मामला आहे, डोळ्याचा नाही. स्पेलिंग समोर असलं की आपण पहिलं अक्षर व्हॉवेल आहे का ते बघतो आणि तिथेच फसतो. देवनागरीत शब्द जसा उच्चारतो तसा लिहिला जातो, त्यामुळे उत्तर समोर येऊन उभं राहतं. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकावर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहिला म्हणून ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांची ती सवय इथे कामाला येते.

बरं, मग नियम काय?

चिन्हाचं इंग्रजी नाव तोंडाने म्हणा आणि देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ए, ओ, ॲ, ऑ यांपैकी काही आलं, तर ‘ॲन’. व्यंजनाने झाली तर ‘अ’. य, व, ह ही व्यंजनंच आहेत, हे मात्र डोक्यात पक्कं हवं.

‘प्लस साइन’ म्हणून ‘अ प्लस साइन’. ‘इक्वल्स साइन’ म्हणून ‘ॲन इक्वल्स साइन’. ‘ॲरो’ म्हणून ‘ॲन ॲरो’. ‘युरो साइन’चं स्पेलिंग ‘ई’ने सुरू होतं, पण उच्चार ‘यु’ने, म्हणून ‘अ युरो साइन’. ‘आवरग्लास’, म्हणजे वाळूचं घड्याळ, याचं स्पेलिंग ‘एच’ने सुरू होतं, पण तो ‘एच’ मुका, म्हणून ‘ॲन आवरग्लास’. ‘वन-वे साइन’चं स्पेलिंग ‘ओ’ने, उच्चार ‘व’ने, म्हणून ‘अ वन-वे साइन’.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. आर्टिकल नामाकडे बघत नाही, आपल्या लगेच पुढच्या शब्दाकडे बघतं. ‘ॲन ॲरो’ बरोबर, पण बाण लाल असला की ‘अ रेड ॲरो’. ‘अ सर्कल’ बरोबर, पण गोल केशरी असला की ‘ॲन ऑरेंज सर्कल’. त्रिकोण उलटा असेल तर ‘ॲन अपसाइड-डाउन ट्रँगल’. चौकटीची कड सगळीकडे सारखी असेल तर ‘अ युनिफॉर्म बॉर्डर’. विशेषण घातलं किंवा काढलं की आर्टिकल परत तपासायचं. रिपोर्टमध्ये शेवटच्या घटकेला शब्द बदलले जातात आणि आर्टिकल आहे तसंच राहतं. अर्ध्या चुका तिथल्याच असतात.

आमच्याकडे एसटीला ‘यष्टी’ म्हणतात. मग ‘अ एसटी बस’ का नाही?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण अगदी रास्त आहे. आपल्या तोंडी एसटीची यष्टी होते, एक्स-रेचा येक्स-रे होतो, ऑफिसचं हापिस होतं. मराठी जिभेला सुरुवातीच्या ए-ला ‘य’ची आणि ऑ-ला ‘ह’ची जोड द्यायला आवडतं. वरचा नियम त्या उच्चाराला लावला तर उत्तर उलटं येणार. म्हणून उच्चार इंग्रजीतला धरायचा: ‘एस-टी’, तेव्हा ‘ॲन एसटी बस’. तसंच ‘ॲन एक्स-रे’, ‘ॲन ऑफिस’. मिरजेच्या स्टँडवर उभं राहून यष्टी खुशाल म्हणा, फक्त लिहिताना एस.

‘एच’ला काही जण ‘हेच’ म्हणतात. इंग्लंडमध्येही असं म्हणणारे आहेत. पण लिखाणात ‘एच’ धरून ‘ॲन एच’ लिहिलेलं चांगलं, सगळीकडे चालतं.

एकेका अक्षराबद्दल लिहायचं तर ‘ॲन’ कुठे कुठे लागतं?

सव्वीसपैकी बारा अक्षरांना: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स. बाकी चौदांना ‘अ’. फसवणारं अक्षर ‘यू’. शाळेत ते व्हॉवेल म्हणून पाठ केलेलं असतं, पण नावाचा उच्चार ‘य’ने होतो. म्हणून ‘अ यू-टर्न’, ‘अ यू-शेप्ड पाइप’. उलट एफ, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही शाळेतली कॉन्सोनंट्स, पण त्यांची नावं स्वराने सुरू होतात. म्हणून ‘ॲन एल-शेप्ड ब्रॅकेट’, ‘ॲन एस-बेंड’. खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडून साताऱ्याकडून पुण्याकडे जाताना जे कुप्रसिद्ध वळण लागतं, ते ‘ॲन एस-कर्व्ह’. तिठा मात्र ‘अ टी-जंक्शन’ आणि चौकटीत करायची खूण ‘अ टिक’. फुली मारायची असेल तर ‘पुट ॲन एक्स इन द बॉक्स’ किंवा ‘पुट अ क्रॉस इन द बॉक्स’.

आद्याक्षरी शब्दांचं काय? एलआयसी, यूपीआय, सिम वगैरे.

सुटी अक्षरं म्हणत वाचता की एक शब्द म्हणून, त्यावर सगळं अवलंबून. ‘ॲन एलआयसी पॉलिसी’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एनओसी’, ‘ॲन ओटीपी’, ‘ॲन एटीएम’, ‘ॲन एमपीएससी एक्झाम’. पण ‘अ यूपीएससी एक्झाम’, ‘अ यूपीआय पेमेंट’, ‘अ क्यूआर कोड’, ‘अ जीआय टॅग’. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हा शेवटचा शब्दप्रयोग आपल्याकडे पाकिटापाकिटावर लागतो आणि कुठे कुठे ‘ॲन जीआय टॅग’ असा छापलेलाही दिसतो. ‘जी’ व्यंजन आहे. ‘अ’च हवा.

एक शब्द म्हणून वाचली जाणारी: ‘अ सिम कार्ड’ (एस-आय-एम असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘ॲन’ नाही), ‘अ नासा मिशन’, ‘अ युनेस्को साइट’, ‘ॲन ॲगमार्क लेबल’.

काही शब्द दोन्ही तऱ्हांनी वाचले जातात, तिथे दोन्ही आर्टिकलं बरोबर. डेटाबेसची भाषा ‘एसक्यूएल’ घ्या: ती वापरणाऱ्यांपैकी काही जण ‘एस-क्यू-एल’ म्हणतात, काही ‘सीक्वेल’. पहिल्यांनी ‘ॲन’ लिहावं, दुसऱ्यांनी ‘अ’. एका रिपोर्टात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं. हे पानसुद्धा त्याच जातीचं आहे. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं इंग्रजी आद्याक्षरी रूप ‘एफ-ए-क्यू’ म्हटलं तर ‘ॲन’, ‘फॅक’ म्हटलं तर ‘अ’.

आकड्यांपुढे काय लावायचं?

आठ, अकरा, अठरा आणि ऐंशीच्या घरातले सगळे: यांना ‘ॲन’, कारण इंग्रजीत एट, इलेव्हन, एटीन, एटी. ‘ॲन ८-बिट कंट्रोलर’, ‘अ १६-बिट कंट्रोलर’. आठशे, आठ हजार, आठ लाख यांनाही ‘ॲन’. अकरा हजार व्होल्टच्या लाइनीला ‘ॲन ११ केव्ही लाइन’. महावितरणच्या नोटिशीची भाषा ज्यांना लिहावी लागते त्यांच्या हे रोजच्या कामाचं. एकला मात्र ‘अ’, कारण ‘वन’.

आपल्याकडचं सगळ्यात उपयोगी उदाहरण तलाठ्याच्या दप्तरातलं. सातबाराचा उतारा इंग्रजीत ‘अ सेव्हन-ट्वेल्व्ह एक्स्ट्रॅक्ट’, आठ-अचा उतारा ‘ॲन एट-ए एक्स्ट्रॅक्ट’. कर्जाच्या अर्जासोबत जोडलेल्या कागदांची इंग्रजी यादी करायची झाली की दोन्ही एकाखाली एक येतात, आणि दोघांना एकच आर्टिकल चिकटवलेलं दिसतं.

रुपयाचं चिन्ह आकड्याच्या आधी असतं. मग आर्टिकल ‘रुपी’वरून ठरवायचं की आकड्यावरून?

आकड्यावरून. चिन्ह आधी लिहितात, पण वाचताना आकडा आधी येतो. ‘₹८० तिकीट’ इंग्रजीत वाचताना ‘एटी-रुपी टिकेट’ म्हणतात, म्हणून ‘ॲन ₹८० टिकेट’. ‘₹५०० नोट’ म्हणजे ‘फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट’, म्हणून ‘अ ₹५०० नोट’. डॉलर आणि पौंडालाही हेच लागू: ‘ॲन $८ कॉफी’.

नामाआधी असं मोजमाप विशेषणासारखं आलं की ‘रुपी’ एकवचनी राहतं: ‘अ फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट’. सुटं आलं तर अनेकवचन: ‘इट कॉस्ट्स फाइव्ह हंड्रेड रुपीज’. आणि चिन्ह वापरलं तर पुन्हा ‘रुपीज’ लिहायचं नाही. ‘₹५०० रुपीज’ म्हणजे पाचशे रुपये रुपये.

रुपयाच्या चिन्हाचं वर्णन करा, असा प्रश्न आला तर?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात सगळी आर्टिकलं एका दमात येतात. माहिती अशी: हे चिन्ह डी. उदयकुमार यांनी रेखाटलं आणि केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारलं. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ यांचा हा मेळ. वर दोन आडव्या रेघा, त्यातली वरची आपल्या शिरोरेघेची आठवण करून देणारी.

इंग्रजीत: ‘द रुपी साइन कम्बाइन्स द देवनागरी लेटर र विथ द रोमन कॅपिटल आर, विदाउट इट्स व्हर्टिकल स्टेम. इट हॅज टू हॉरिझॉन्टल स्ट्रोक्स, वन ॲट द टॉप अँड वन जस्ट बिलो इट.’

आता नीट बघा. ‘द रुपी साइन’, कारण आपल्या चलनाचं चिन्ह एकच. ‘द देवनागरी लेटर र’, कारण पुढे कोणतं अक्षर ते नाव घेऊन सांगितलंय. ‘ॲट द टॉप’, कारण चिन्हाला माथा एकच असतो. ‘टू हॉरिझॉन्टल स्ट्रोक्स’ला काहीच नाही, कारण पहिल्यांदा उल्लेख आणि अनेकवचन. आणि ‘इट्स’ आलं की तिथे आर्टिकलला जागाच उरत नाही. ‘द इट्स स्टेम’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. इतकं उदार होऊ नये.

‘अ प्लस साइन’ की ‘द प्लस साइन’?

दोन्ही बरोबर असू शकतात, अर्थ वेगळे. वाचणाऱ्याला ‘कोणतं?’ असा प्रश्न पडणार असेल तर ‘अ’. पडणार नसेल तर ‘द’.

‘देअर इज अ प्लस साइन ऑन द बॅटरी.’ पहिल्यांदा सांगतोय, म्हणून ‘अ’. ‘कनेक्ट द रेड वायर टू द टर्मिनल विथ द प्लस साइन.’ आता ती खूण माहीत झाली, म्हणून ‘द’. समीकरणात बरोबरचं चिन्ह एकच असतं, म्हणून ‘मूव्ह द टर्म टु दि अदर साइड ऑफ दि इक्वल्स साइन’, पहिल्याच उल्लेखाला ‘द’. कीबोर्डवर त्या नावाची कळ एकच, म्हणून ‘प्रेस दि एंटर की’. पण कळीच्या नुसत्या नावाला काही लागत नाही: ‘प्रेस एंटर’, ‘प्रेस हॅश’. ‘प्रेस दि एंटर’ चुकीचं.

चिन्हाबद्दल सर्वसाधारण बोलायचं तर ‘द’ शोभतं: ‘दि इक्वल्स साइन वॉज इंट्रोड्यूस्ड बाय रॉबर्ट रेकॉर्ड इन १५५७.’ रेकॉर्ड हा वेल्सचा गणिती. दोन समांतर रेघांइतक्या एकसारख्या दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी असणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. इथे कुठल्या एका कागदावरच्या खुणेबद्दल बोलणं चाललेलं नाही, चिन्ह नावाच्या कल्पनेबद्दल चाललंय. ‘द टेलिफोन’चा शोध कुणी लावला असं विचारतात, तसलंच.

‘दि’ कुठे आणि ‘द’ कुठे हे जाता जाता सांगतो: लिहायला एकच, बोलताना स्वरापुढे ‘दि’, व्यंजनापुढे ‘द’. सेमिनारला उभं राहिल्यावर एवढं जमलं तरी परीक्षकाच्या कानाला बरं वाटतं.

‘द लेटर ए’ म्हणायचं की ‘द लेटर ॲन ए’?

‘द लेटर ए’. जातीचं नाव आधी आणि त्याला जोडून विशिष्ट नाव आलं की ‘द’ फक्त सुरुवातीला, मध्ये काही नाही: ‘द लेटर ए’, ‘द नंबर सेव्हन’, ‘द सिम्बॉल पाय’, ‘द ग्रीक लेटर सिग्मा’, ‘द वर्ड सांगली’. एखाद्या शब्दातलं अक्षर दाखवायचं असेल तर मात्र अक्षरालाच ‘द’ लागतं: ‘द जे इन मिरज’. साताऱ्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ तीनदा येतो. तिथे ‘द फर्स्ट ए’, ‘द लास्ट ए’ असं म्हणायचं, कारण पहिला, शेवटचा हे क्रम आले की ‘द’ आलाच.

आलेखात ‘दि एक्स-ॲक्सिस’ आणि ‘द वाय-ॲक्सिस’, नेहमी ‘द’. पण ‘ॲन एक्स-इंटरसेप्ट’, कारण वक्ररेषा अक्षाला एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदू शकते. मॅट्रिक्समध्ये ‘ॲन एम-बाय-एन मॅट्रिक्स’, ‘अ थ्री-बाय-थ्री मॅट्रिक्स’. सर्किटमध्ये ‘ॲन एसी सप्लाय’, ‘अ डीसी मोटर’, ‘ॲन आरएलसी सर्किट’, ‘ॲन एलईडी’.

‘इन द फिगर ३’ का चुकीचं?

नाव अधिक नंबर अशी जोडी झाली की ते विशेषनाम होतं, आर्टिकल जातं. ‘इन फिगर ३’, ‘फ्रॉम टेबल २’, ‘यूजिंग इक्वेशन ५’, ‘ऑन प्लॅटफॉर्म १’, ‘इन रूम १२’. नंबर नसेल तर परत येतं: ‘इन द फिगर बिलो’. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही एकच गोष्ट सगळीकडे शोधून दुरुस्त केली तरी रिपोर्ट पाच पानांनी सुधारल्यासारखा वाटतो.

‘दि ओहम्स लॉ’ असं आमचे सर म्हणतात.

सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ‘ओहम्स लॉ’ एवढंच. माणसाच्या नावाला ‘चा-ची-चे’चा ‘एस’ लागला की ‘द’ लागत नाही: ओहम्स लॉ, न्यूटन्स सेकंड लॉ, पायथागोरसेस थिअरम. ‘एस’ काढून नावाचं विशेषण केलं की ‘द’ लागतं: ‘द पायथागोरियन थिअरम’, ‘द डॉपलर इफेक्ट’.

ओहम एकक म्हणून आलं की गोष्ट वेगळी: ‘दि ओहम इज द युनिट ऑफ रेझिस्टन्स’. ‘अ रेझिस्टन्स ऑफ वन ओहम’ इथे आकडा आहे, म्हणून ओहमपुढे काही नाही.

‘सिम्बॉल ऑफ’ की ‘सिम्बॉल फॉर’?

ठरवून दिलेली खूण असेल तर ‘फॉर’, भावना किंवा विचाराचं प्रतीक असेल तर ‘ऑफ’. ‘द सिम्बॉल फॉर सोडियम इज एन-ए.’ ‘द लोटस इज अ सिम्बॉल ऑफ प्युरिटी.’ आर्टिकलही बदललं बघा. सोडियमची खूण एकच, म्हणून ‘द’. पावित्र्याची प्रतीकं ढीगभर, त्यातलं कमळ एक, म्हणून ‘अ’.

क्रियापदांत ‘स्टँड्स फॉर’ आद्याक्षरी शब्दांना बरं, ‘डिनोट्स’ गणिताला, ‘रेप्रेझेंट्स’ नकाशाला आणि आकृतीला. ‘इज डिनोटेड बाय’ चालतं, तिथे ‘बाय’ऐवजी ‘ॲज’ लावायची सवय सोडलेली बरी. ‘कन्सिस्ट्स ऑफ’ला ‘ऑफ’ लागतं, ‘कॉम्प्रायझेस’ला लागत नाही. ‘द लोगो कॉम्प्रायझेस ऑफ’ हे वाक्य सांगलीत इतक्या ठिकाणी वाचलंय की आता मीच बिचकतो.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचं वर्णन कसं करायचं?

हळद पावडरीचं पाकीट हातात घ्या. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या कडेच्या चौकोनात भरीव हिरवा गोल. इंग्रजीत: ‘अ ग्रीन-फिल्ड सर्कल इनसाइड अ स्क्वेअर विथ अ ग्रीन आउटलाइन’. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोल असायचा, आता तपकिरी त्रिकोण असतो: ‘अ ब्राउन-फिल्ड ट्रँगल इनसाइड अ स्क्वेअर विथ अ ब्राउन आउटलाइन’. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यालाही आकारावरून कळावं, हा या बदलाचा फायदा.

वर्णनाचा क्रम बाहेरून आत किंवा आतून बाहेर, एक काहीतरी धरा. ‘विथ’ फार कामाचा शब्द आहे: ‘अ सर्कल विथ अ लाइन थ्रू इट’, ‘ॲन ॲरो विथ अ हेड ॲट ईच एंड’, ‘ॲन इक्वल्स साइन विथ अ स्लॅश थ्रू इट’ (हे ‘बरोबर नाही’चं चिन्ह). ‘हॅविंग’ची रांग लावण्यापेक्षा हे बरं: ‘अ सर्कल हॅविंग अ लाइन हॅविंग ॲन ॲरो’ वाचताना दम लागतो.

जागा सांगताना: ‘इन द टॉप लेफ्ट-हँड कॉर्नर’, ‘ॲट द टॉप’, ‘ऑन द लेफ्ट’, ‘इन द सेंटर’. चारही ठिकाणी ‘द’.

पदार्थाच्या नावाला मात्र आर्टिकल लावू नका. ‘टर्मरिक पावडर’ मोजता येत नाही, म्हणून ‘धिस पॅक कंटेन्स टर्मरिक पावडर’. ‘अ टर्मरिक पावडर’ म्हटलं की हळदीचा एखादा विशिष्ट प्रकार असा अर्थ होतो.

राजमुद्रेचं वर्णन इंग्रजीत लिहायला सांगतात. त्यात काय सांभाळायचं?

आधी तपशील बरोबर हवा. भारताने ही मुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरावर चार सिंह आहेत, पण मुद्रेत दिसतात तीन. खालच्या पट्टीवर (इंग्रजीत ‘ॲबॅकस’) मध्ये चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. तळाशी देवनागरीत ‘सत्यमेव जयते’, मुंडकोपनिषदातलं.

‘थ्री लायन्स आर व्हिजिबल, द फोर्थ इज हिडन फ्रॉम व्ह्यू. देअर इज अ व्हील इन द सेंटर ऑफ दि ॲबॅकस, विथ अ बुल ऑन द राइट अँड अ हॉर्स ऑन द लेफ्ट.’ ‘थ्री लायन्स’ पहिला उल्लेख, म्हणून आर्टिकल नाही. ‘द फोर्थ’ क्रमवाचक, म्हणून ‘द’. बैल आणि घोडा वाचकाला पहिल्यांदाच भेटतात, म्हणून दोघांना ‘अ’. बहुतेक उत्तरांत ‘द बुल’ असतं, जणू तो आधीच ओळखीचा आहे.

राष्ट्रध्वजावरचं ते ‘दि अशोक चक्र’, पण त्याचं वर्णन ‘अ व्हील विथ २४ स्पोक्स’ किंवा ‘अ २४-स्पोक व्हील’. दुसऱ्या रूपात ‘स्पोक’ला ‘एस’ नाही.

‘फूट’ की ‘फीट’? पुराच्या दिवसांत इंग्रजी मेसेज लिहिताना गोंधळ होतो.

वर ‘स्पोक’ला जे झालं तेच. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. नुसती पातळी सांगताना ‘फीट’: ‘द वॉटर इज ॲट ४० फीट’. खुणेचं विशेषण झालं की ‘फूट’: ‘द ४५-फूट मार्क’. इथे ‘द’ हवा, कारण ती खूण एकच आणि सगळ्या गावाला ठाऊक. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाचं वाक्य ‘द रिव्हर क्रॉस्ड द डेंजर मार्क’ असं हवं. ‘क्रॉस्ड अ डेंजर मार्क’ म्हटलं की अशा खुणा चार-पाच असाव्यात असं वाटतं.

@, #, &, * यांची इंग्रजी नावं काय, आणि आर्टिकल?

@ ‘ॲन ॲट साइन’. ईमेलच्या पत्त्यात हे आलं ते रे टॉमलिन्सन यांच्यामुळे, १९७१ साली. & ‘ॲन ॲम्परसँड’. * ‘ॲन ॲस्टेरिस्क’. शेवट ‘स्क’ आहे, ‘क्स’ नाही. _ ‘ॲन अंडरस्कोर’. ! ‘ॲन एक्सक्लमेशन मार्क’. ’ ‘ॲन अपॉस्ट्रॉफी’. / ‘अ स्लॅश’. - ‘अ हायफन’. # ला भारतात आणि ब्रिटनमध्ये ‘अ हॅश’. अमेरिकेत फोनवर त्यालाच ‘पाउंड’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये ‘पाउंड साइन’ म्हणजे £. परदेशी ग्राहकाला फोनवर काही दाबायला सांगणार असाल तर हे लक्षात असू द्या. पूर्णविराम ब्रिटिशांचा ‘अ फुल स्टॉप’, अमेरिकनांचा ‘अ पिरियड’. = ला ब्रिटिश ‘इक्वल्स साइन’, अमेरिकन बहुधा ‘इक्वल साइन’. दोन्हींना ‘ॲन’.

‘ॲन’ऐवजी ‘वन’ चालेल का? मराठीत ‘एक’ म्हणतोच की.

‘देअर इज वन ॲरो’ म्हणजे बाण एकच, दोन नाहीत. मोजणी सांगायची नसेल तर ‘ॲन ॲरो’.

अनेकवचन कसं करायचं?

‘टू प्लस साइन्स’, ‘थ्री ॲस्टेरिस्क्स’. सुट्या लहान अक्षरांना वर अपॉस्ट्रॉफी देऊन ‘एस’ लावतात, नाहीतर ‘ए’चं अनेकवचन ‘ॲज’ या शब्दासारखं दिसतं. मोठ्या अक्षरांच्या आद्याक्षरी शब्दांना अपॉस्ट्रॉफी नको: एटीएमचं अनेकवचन नुसता लहान ‘एस’ लावून.

मशीनवरच्या स्टिकरवर ‘प्रेस ग्रीन बटन’ असंच असतं. ते चूक आहे का?

नाही. स्टिकर, बोर्ड, बातमीचा मथळा, आकृतीतली नावं इथे जागा कमी असते, म्हणून आर्टिकल गाळायची रीत आहे. पण तेच वाक्य मॅन्युअलमध्ये आलं की ‘प्रेस द ग्रीन बटन’. आणि एकाच स्टिकरवर अर्ध्या ओळींत आर्टिकल, अर्ध्यांत नाही, असं करू नका. छपाईला देण्याआधी एकतर सगळी ठेवा नाहीतर सगळी काढा.